परभणीची जागा

मुलीला परभणीला पशुवैद्यकीयची जागा मिळत होती आणि ती नको म्हणत होती. बायको गेल्यापासून बारामतीलगतच्या जळोचीच्या घरात आम्ही दोघंच.

"बारामतीत सगळं आहे की, पप्पा. इथंच कॉम्प्युटर करते. गणित बरं आहे माझं."

गणित बरं होतं, हे खरं. मी एमआयडीसीतल्या डेअरीत हिशेब बघतो. फी, भाडं, पुढची नोकरी, सगळं मांडून पाहिलं. सगळ्या बाजूंनी बारामतीच सरस ठरली. उत्तर मला हवं तसंच आलं, म्हणून मला त्याचा भरवसा वाटेना.

त्याच आठवड्यात आम्ही इंदापूरकडे मेव्हण्याच्या वस्तीवर गेलो. त्यानं अजून थोडी मेंढरं ठेवली आहेत. संध्याकाळी कळप चरून आला, की जाळीत कोंडलेली कोकरं एकेक करून आपापल्या आईला लावतात. चुकीचं कोकरू गेलं तर मेंढी ढुशी देते. मी नेलेल्या कोकराला लगेच बसली.

"दाजी, मेंढरांवर नंबर न्हाईत घातलेले," मेव्हणा हसला. "तुमी आपलं बाजेवर बसा."

मुलगी मात्र न चुकता कोकरं लावत होती. एका मेंढीपाशी ती थांबली, कास चाचपली. "मामा, ही या बाजूला पिऊ देत नाही. दुखतंय तिला."

मेव्हण्यानं वाकून हात लावला. "व्हय की गं. गरम लागतंय." मग माझ्याकडं वळला, "आन् हिला खुर्चीत बसवताय व्हय?"

"मी कुठं बसवतोय? तीच म्हणते."

"तुमच्यापायी म्हणतीया."

ती मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

परतताना मोटारसायकलवर मी पुढं बघूनच म्हणालो, "परभणीला जायचं."

"मग तुमचं जेवण?"

"मला भाकरी येते."

येत नव्हती. तिलाही ते ठाऊक होतं.

आता तिचं दुसरं वर्ष आहे. फोन संध्याकाळी येतो. घरी आल्यापासून मी कुणाशी बोललेलो नसतो, त्यामुळं तिला काय सांगायचं ते ठरवून बसतो. परवा मी सुरुवातच करत होतो, तोच ती म्हणाली, "पप्पा, गाय विताना अडलीय, सरांनी बोलावलंय. ठेवते!"

किती दिवसांनी तिचा आवाज एवढा मोकळा ऐकला. "जा, जा," मी म्हणालो.

फोन बंद झाल्यावर, जे सांगायचं होतं ते मी मनातल्या मनात सांगून संपवलं.