खानावळ चालवणारा राक्षस

डॉक्टरांच्या केबिनबाहेर आम्ही दोघी बहिणी बसलो होतो. ताईच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला होता, पण आम्हाला अजून आत बोलावलं नव्हतं. मी सारखी दाराकडे बघत होते. ताई मात्र मांडीवर पुस्तक घेऊन वाचत होती आणि मधूनच तिचे खांदे हसण्याने हलत होते.

मला राग आला. "काय आहे त्यात एवढं?"

"एक राक्षस खानावळ काढतो," ती म्हणाली. "पण गिऱ्हाईक आलं की लाजून डब्यांमागे लपतो. आज त्याची आमटी खारट झालीय."

"आत्ता हे सुचतं तुला?"

तिने पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं. "इथे सगळ्यात मोठं संकट म्हणजे खारट आमटी आहे गं. थोडा वेळ मला तेवढंच संकट हवंय."

अशा गोष्टी सुखातल्या माणसांनी वेळ घालवायला वाचायच्या, असं मी आजवर समजत होते. पण जिथे राक्षससुद्धा जेवणाची पानं मांडून वाट बघतो, अशा घराची गरज भ्यायलेल्या माणसालाच जास्त असते. मी तिच्याजवळ सरकले आणि म्हटलं, "मोठ्याने वाच."

राक्षस खारट आमटीत बटाटे टाकेपर्यंत आम्हाला हाक आली.

ऑपरेशन करावं लागणार होतं. बाहेर पडल्यावर आम्ही रिक्षा केली. वाटेत ताईने रिक्षावाल्याला पुस्तकांच्या दुकानापाशी थांबायला सांगितलं.

"दुसरा भाग घेऊ," ती मला म्हणाली. "दवाखान्यात लागेल."