कुणाच्या हद्दीत पडली
आमच्या भागातल्या पोलिसांचा इतिहास म्हणजे नकाराचा इतिहास. आम्ही परळ सोडून इकडे आलो तेव्हा पाली गावातल्या कोळ्यांपासून आमच्या नव्या बिल्डिंगींपर्यंत सगळ्यांना मिळून एकच चौकी होती. कौलारू. बाहेर बाकडं, आत एक हवालदार आणि एक रजिस्टर. मासळीवरून झालेलं भांडण आणि सोसायटीतली सायकलचोरी त्यात एकाखाली एक लिहिली जायची. म्हणजे, मूड असला तर. पुढे वस्ती वाढली, एका चौकीची दोन-तीन ठाणी झाली, बोर्ड बदलले, हद्दी आखल्या. लोकांना वाटलं, आता कामं होतील. हात झटकायला पोलिसांना एक सरकारी शब्द मिळाला, बाकी काही नाही.

तो शब्द मला नोकरी लागली त्या आठवड्यात कळला. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि हे मी कुणालाही, न विचारता, सांगते. जॉइनिंगला डिग्रीचं ओरिजिनल सर्टिफिकेट दाखवायचं होतं. जेसल पार्कला झेरॉक्स काढली, शेअर रिक्षाने नया नगरला उतरले, तर सर्टिफिकेटची फाइल गायब. ऑफिसने सांगितलं, हरवल्याचा पोलिसांचा दाखला सोमवारपर्यंत आणा, नाहीतर पुढच्या उमेदवाराला बोलावतो.

"कुठे पडली?" जेसल पार्कच्या ठाण्यातल्या हवालदाराने विचारलं.

"रिक्षातून. वाटेत कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे? नाल्याच्या अलीकडे की पलीकडे? पलीकडे आमची हद्द नाही."

"कुठे पडली ते माहीत असतं तर मी उचलली नसती का?"

"शिकलेल्या दिसता, मॅडम," तो म्हणाला. सर्दी झालेली दिसते म्हणावं, तसा.

मी नाल्यापलीकडच्या ठाण्यात गेले. तिथला म्हणाला, "रिक्षात कुठे बसलात? जेसल पार्कला ना? मग तिकडेच जा." दोन दिवस मी त्या घाणेरड्या नाल्यावरून ये-जा केली. दोन्हीकडे तोच पंखा, तोच चहा, तेच मोबाइलमध्ये घातलेलं डोकं.

शनिवारी पुन्हा जेसल पार्कच्या ठाण्यात गेले, बाबा सोबत आले. बाबा सातवी पास, आयुष्यभर एका कंपनीत शिपाई. बाहेर बाकड्यावर पालीची एक म्हातारी कोळीण बसली होती. माझी कहाणी ऐकून ती मोठ्याने हसली. "पोरी, पयले एकच चौकी होती, तवा एकाच जागी न्हाय म्हनायचे. आता तीन जागी म्हनतात. सुधारना हाय!"

आत हवालदाराने पुन्हा माझा अर्ज माझ्याकडे सरकवला. "काका, मुलीला समजवा. 'वाटेत' चालत नाही. जागा लिहा, नक्की."

बाबांनी माझ्या हातातलं पेन घेतलं. 'वाटेत' खोडून त्यांनी वर एकेक अक्षर जपून लिहिलं: 'या पोलीस ठाण्याच्या पायरीवर.'

"बाबा, हे खोटं आहे," मी कुजबुजले.

"तुझं खरं दोन दिवस फिरतंय. बस झालं."

हवालदाराने वाचलं. "इथे पडली?"

"हो साहेब. पायरी तर तुमच्याच हद्दीत ना?"

मला वाटलं, आता हा चिडेल. निदान दाराकडे मान वळवून बघेल. त्याने समाधानाने मान हलवली. "असं क्लिअर पाहिजे, काका. पहिल्याच दिवशी सांगायचं ना." दहा मिनिटांत दाखला तयार.

सोमवारी मी जॉइन झाले. पुढे युनिव्हर्सिटीकडून दुसरं सर्टिफिकेटही मिळालं. पहिलं अजून कुणाला सापडलेलं नाही, आणि ते कुणी शोधलं असेल असा आरोप मी करणार नाही. दाखला मात्र जपून ठेवलाय. 'सदर अर्जदाराचे पदवी प्रमाणपत्र या पोलीस ठाण्याच्या पायरीवर गहाळ झाले आहे.' खाली गोल शिक्का आणि साहेबांची झोकदार सही. वाचून केली असती, तर साहेब लाजले असते.