रविवारचे खोटे अर्थ

दर रविवारी दुपारी चार वाजता माझं डोकं फिरतं. कुणी सांगितलं होतं हा खेळ सुरू करायला? मीच सांगितलं होतं. त्यामुळे बोंबलायचीही सोय नाही.

आम्ही चौघी जबलपूरच्या एका शाळेत एका बाकावर बसलेल्या. नावं लिहीत नाही, कारण तिघीही हे वाचतील आणि भांडायला येतील. एक लग्न होऊन पुण्याला गेली, ती पुणेवाली. दुसरी नागपूरला, ती नागपूरवाली. तिसरी लग्न होऊन गेली ती फक्त जबलपूरच्याच रांझीपर्यंत. नवरा तिथल्या फॅक्टरीत होता, रिटायर झाल्यावर त्यांनी तिथंच घर बांधलं. ती रांझीवाली. आणि मी दीक्षितपुऱ्यात, जिथं जन्मले तिथंच. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. तेहतीस वर्षं पोरांना हिंदी शिकवलं, आता घरी बसून चिडत असते.

रांझीवालीचा नवरा मागच्या हिवाळ्यात गेला. त्यानंतर ती बोलेनाशीच झाली. फोन केला की "हो", "नाही", "अच्छा", "चलो ठेवते". म्हणून मी हे टुमणं काढलं. चौघींनी रविवारी मोबाइलवर एकत्र यायचं. एकीनं जाड्या शब्दकोशातून कुणाला ठाऊक नसेल असा मराठी शब्द काढायचा. बाकीच्या तिघींनी त्याचा खोटा अर्थ रचून तिला गुपचूप लिहून पाठवायचा. तिनं ते खोटे आणि एक खरा, असे चारही अर्थ एका सुरात वाचायचे. मग ज्या अर्थावर आपला विश्वास बसेल त्याला मोठ्यानं "पटलं" म्हणायचं. खरा ओळखला तर आपल्याला एक गुण. थापेला फसलो तर थाप मारणारीला एक गुण. एकदा "पटलं" म्हटलं की शब्द मागे घ्यायचा नाही. हा नियमही माझाच.

ऐकायला किती सोपं वाटतं! खेळून बघा.

पहिली पंधरा मिनिटं "माझा आवाज येतो का" यात जातात. नागपूरवालीचा आवाज बंद असतो आणि तोंड चालू असतं. ती खात असते. रविवारी चार वाजता ही बाई काय खाते, हे मला आजवर कळलेलं नाही. पुणेवाली शब्दकोशाचे सात खंड मांडून बसते, जणू आमच्यावर खटला भरायचाय. मी "काहून" म्हटलं की तिकडून लगेच येतं, "काहून नाही गं, का." नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून जबलपूर सोडलं की माणसाचं मराठी आपोआप सुधारतं, असा तिचा पक्का समज आहे. अगं बाई, तू इथलं पाणी प्यायलीस ना वीस वर्षं? तेव्हा "काय करून राहिली" असंच विचारायचीस की मला!

नागपूरवालीला थापा मारताच येत नाहीत. कुठलाही शब्द द्या, तिचं ठरलेलं उत्तर असतं, "एक प्रकारचे गवत". सहा महिन्यांत या बाईनं एवढं गवत उगवलंय की एखाद्या गोठ्याची वर्षभराची सोय व्हावी. मी हात टेकले.

आणि रांझीवाली! तिनं तर माझ्या नाकी नऊ आणले. तिला कितीदा समजावलं, थाप शब्दकोशासारखी दिसली पाहिजे. कोरडी पाहिजे. "लाकडी भांडे", "बैलाच्या गळ्यातील दोरी", असं काहीतरी लिही. पालथ्या घड्यावर पाणी. ती लिहायची, "उन्हात वाळत घातलेला सदरा आत आणायला विसरणे". एकदा लिहिलं, "टीव्हीचा आवाज मुद्दाम मोठा ठेवणे". अशा थापेला कोण फसणार? सहा महिन्यांत तिच्या एकाही अर्थाला कुणी "पटलं" म्हटलं नाही. खरा अर्थ ओळखून चार गुण मिळवले असतील, पण फसवण्याचा एकही नाही.

यात आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. तिच्या मुलाचा मला बेंगळुरूहून फोन आला होता. त्या पोराला मराठी सगळं कळतं, बोलतो मात्र हिंदीत. म्हणाला, "मौसी, आप ही समझाइए ना मम्मी को. यहाँ आ जाएँ. आपकी बात नहीं टालेंगी." दिवाळीला येतो, घराला कुलूप लावून आईला घेऊन जातो, असा त्याचा बेत होता. ती हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती.

मी म्हटलं, "बघते बेटा." आणि मूग गिळून बसले.

आता खरं सांगते. ती गेली तर या गावात माझ्याशी मराठीत भांडायला कुणी उरत नाही. दूधवाल्याशी हिंदी, भाजीवालीशी हिंदी, बँकेत हिंदी. खाली राहणारी भावाची सून गोड आहे, पण तिच्याशीही हिंदीच. दिवसभर हिंदी बोलून घसा दुखला की मी रांझीला फोन लावायची आणि काहीतरी खुसपट काढून तिच्यावर ओरडायची. ती "अच्छा, अच्छा" म्हणायची. तेवढ्यानं माझा दिवस निघायचा. आणि मी स्वतःच्या तोंडानं तिला "जा" म्हणू? काहून म्हणू?

तर एका रविवारी शब्द काढायची पाळी माझी होती. मी "बळद" हा शब्द काढला. धान्य साठवायला भिंतीत केलेली जागा. मला वाटलं, आज पुणेवालीची फजिती करते. अर्थ आले. पुणेवालीचा होता "नांगराचा मागील भाग", अगदी शिस्तीत. नागपूरवालीचं गवत आलं. आणि रांझीवालीनं लिहिलं होतं, "एकट्या माणसाने सवयीने दोघांचा चहा ठेवणे".

मी ते वाचायला लागले आणि अर्ध्यातच माझा पारा चढला. तेहतीस वर्षं लाल पेन चालवलेला हात, तो काही गप्प बसतो का? भर खेळात म्हणाले, "ही कुणाची आहे ते सगळ्यांना कळलंच. अगं, शब्दकोशात कुणी चहा ठेवतं का? खेळायचं तर नीट खेळ, नाहीतर नको खेळू. उगीच आमचा वेळ काहून घालवतेस?"

पुणेवालीनं "काहून"वर काही म्हटलं नाही. नागपूरवालीनं चावायचं थांबवलं. तेव्हा मला कळायला हवं होतं. कळलं नाही.

रांझीवाली म्हणाली, "माझं चुकलं. चलो, पुढचा शब्द घ्या."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! भांडी घासताना ते वाक्य परत आठवलं, आणि या वेळी मात्र नीट ऐकू आलं. एकट्या माणसाने. दोघांचा चहा. ती सहा महिने आम्हाला एकच गोष्ट सांगत होती आणि मी तिला थाप कशी मारावी ते शिकवत होते. स्वतःची इतकी चीड मला आयुष्यात आली नव्हती.

पुढच्या रविवारी ती आलीच नाही. "तब्येत ठीक नाही" असा निरोप आला. मी खेळ बंद केला, पायात चपला अडकवल्या आणि रांझीची बस धरली. बसमध्ये एका माणसाच्या पिशवीतला फुलकोबी सारखा माझ्या कोपराला लागत होता, त्यालाही दोन शब्द सुनावले.

मी येणार हे तिला ठाऊक नव्हतं. दार उघडंच होतं. ती स्वयंपाकघरात उभी होती आणि ओट्यावर दोन कप भरलेले होते.

मी त्या कपांकडे बघत राहिले. ती म्हणाली, "हा तुझ्यासाठी नव्हता ठेवला. पण आलीस तर पी."

मी प्यायले. साखर जास्त होती, तिच्या नवऱ्याला लागायची तेवढी. कप खाली ठेवून म्हटलं, "तुझ्या मुलाचा मला फोन आला होता."

"ठाऊक आहे. त्यानंच सांगितलं. महिना होऊन गेला. मी वाट बघून राहिली, तू कधी बोलशील."

"मी काय बोलणार?"

"जा म्हण. नाहीतर राहा म्हण. जन्मभर सगळ्यांना सांगत आली, कुणी काय करायचं ते. मी साडी कुठली घ्यायची तेही तूच सांगायची. माझ्या याच वेळी तुझी वाचा बसली?"

"तुला जायचंय का?"

ती कप विसळत होती. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "तिकडे नात आहे. रोज विचारते, दादी कब आओगी. इथं हे घर आहे. दोन्हीकडे जीव ओढतो. पण तू इथं एकटी पडशील, आणि तू काही बोलणार नाहीस, नुसती चिडशील. ते मला नाही बघवत."

मग काय, मी चिडलेच. दुसरं येतं काय मला? "माझी काळजी करायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. तुझं तू ठरव. माझ्या डोक्यावर कशाला फोडतेस?" असं म्हणून पाय आपटत निघाले. बस येईपर्यंत स्टॉपवर उभी राहून स्वतःलाच शिव्या घालत होते. सरळ एक शब्द बोलायचा होता, जा. एका अक्षराचा शब्द. भाषा शिकवण्यात जन्म गेला आणि एक अक्षर बोलता आलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी चौघी होतो. रांझीवालीही आली. खांद्यावर शाल, मागे तिचा फ्रिज, फ्रिजवर नातीचा फोटो. कुणी मागचा विषय काढला नाही. शब्द काढायची पाळी पुणेवालीची होती.

"पडशी," ती म्हणाली. "लिहा आणि पाठवा. आणि कृपा करून आज गवत नको."

मला हसूच आलं. पडशी! ही काय अवघड शब्द देते? खांद्यावर टाकायची, दोन कप्प्यांची प्रवासाची पिशवी. माझ्या आजोबांची होती, आमच्या ओसरीत खुंटीला लटकायची. त्यात लहानपणी मी मांजरीची पिल्लं लपवली होती आणि मार खाल्ला होता. मी आपली एक कोरडी थाप पाठवली, "घराच्या छपराची उतरती बाजू", आणि खुशीत बसले. आज एक गुण खिशात.

पुणेवालीनं वाचायला घेतलं, बातम्या वाचतात तसं.

"एक. घराच्या छपराची उतरती बाजू. दोन. खांद्यावर टाकण्याची दोन कप्प्यांची पिशवी. तीन. एक प्रकारचा..." ती थांबली आणि सुस्कारा सोडून म्हणाली, "वेल. एक प्रकारचा वेल." नागपूरवाली स्वतःच खिदळली.

"चार. जाणाऱ्याने मागे राहणाऱ्या मैत्रिणीकडे ठेवलेली घराची किल्ली."

नागपूरवालीनं घाईघाईनं "दोन, पटलं" म्हणून टाकलं. रांझीवालीनंही दोनलाच पटलं म्हटलं. राहिले मी.

मोबाइल मी साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. त्या छोट्या चौकोनात रांझीवाली माझ्याकडेच बघत होती, निदान मला तसं वाटलं. शाल नाकापर्यंत ओढलेली. परीक्षेचा पेपर तपासून मिळायच्या आधी ती शाळेत अशीच बसायची, फ्रॉकची कॉलर नाकापर्यंत ओढून. तिनं तिचं लिहून दिलं होतं. आता फक्त माझा एक शब्द हवा होता तिला. एकदा म्हटलं की मागे घेता येणार नव्हता, माझाच नियम.

"लवकर गं," पुणेवाली म्हणाली.

"चार," मी म्हणाले. "पटलं."

"काय?" पुणेवाली किंचाळलीच. "अगं, तुझ्या आजोबांचीच होती ना? शाळेत असताना तूच आम्हाला दाखवली होतीस! तुला हा शब्द येत नाही?"

"नाही येत," मी म्हणाले. "काहून? सगळे शब्द मलाच यायला पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

पुणेवालीनं रांझीवालीच्या नावापुढं एक गुण मांडला. फसवणुकीचा पहिला. नागपूरवालीनं टाळ्या वाजवल्या, आवाज परत बंद करूनच. रांझीवालीची शाल नाकावरून खाली आली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदम.

खेळ संपल्यावर दोन मिनिटांत तिचा फोन आला.

"तुला येत होता ना गं शब्द?"

"गप बस. आणि तिकडे गेल्यावर रोज चार वाजता फोन करायचा. रविवारची वाट बघायची नाही."

"अच्छा."

"आणि मराठीत बोलायचं. नातीशीही."

"अच्छा, अच्छा."

"किल्ली कधी आणून देतेस ते बोल," मी म्हणाले आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला. तिनंही फोन ठेवला नाही.