आठ पाइपांचा आवाज

शाळेत मी हुशार नव्हतो, पण शाळा मला पाठ होती. मुख्याध्यापकांचा खोकला, शिपायाची चप्पल, गणिताच्या बाईंचं "मला काय, नुकसान तुमचंच", सगळं मी मधल्या सुट्टीत करून दाखवायचो. पुढे हळदीच्या कार्यक्रमांत माइक हातात आला आणि माझा खरा हिट आयटम ठरला आमची गाडी. नुसत्या तोंडाने. स्टार्टर मारल्यापासून ते गेटात शिरेपर्यंत.

गाडी म्हणजे बाबाची जुनी अमेरिकन गाडी. आठ सिलिंडर, दोन दरवाजे, बॉनेट एवढं लांब की आईने एकदा त्यावर पापड वाळत घातलेले. कोलशेतची आमची मिठागरं विकली गेली तेव्हा भावकीत कोणी बंगला बांधला, कोणी बार काढला. बाबाने ही आणली. लोक म्हणाले, याला येड लागलंय. तेव्हा ते गमतीत चालून गेलं. आता तो शब्द आमच्या घरात कोणी काढत नाही.

कारण बाबा विसरत चाललाय. आधी चाव्या, मग वार, मग माझ्या बहिणीचं लग्न झालंय हे. गेल्या वर्षी मला विसरला. समोर बसलो की विचारायचा, तू कोनाचा? मी थट्टेत शेजारच्या घराचं नाव सांगायचो. तो ते लगेच मान्य करायचा, आणि मग मलाच हसू यायचं नाही.

पण गाडी विसरला नव्हता. मी बाहेरून येताना देवळाच्या वळणावर आवाज पोचला की खुर्चीतला बाबा उठायचा. अनवाणी जाऊन गेटाची दोन्ही दारं उघडायचा, हात मागे मागे करत मला आत घ्यायचा. गाडी बंद झाली की म्हणायचा, "आलास? जेवलास का?" त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं मी त्याचा मुलगा असायचो. माझं नाव, माझी न मिळालेली नोकरी, सगळं त्याला आठवायचं. शिव्यासुद्धा द्यायचा. त्या शिव्या खायला मी रोज काही काम नसताना गाडी काढून नाक्यावर जायचो आणि परत यायचो.

मग एक दिवस मी परत आलो तो गरगरत. उतरलो आणि गेटातच ओकलो. इंजिनातला धूर ज्या बिडाच्या जाड तुकड्यातून बाहेर पडतो, त्या मॅनिफोल्डला बरीच वर्षं तडा होता. आता त्याचा टवका उडालेला आणि धूर थेट आत येत होता. विठ्ठलवाडीला आमचा एक मिस्त्री आहे, साठीचा, इंजिनाची कामं करणारा. गाडी टो करून त्याच्याकडे नेली. त्याने टॉर्च मारून बघितलं आणि सांगितलं की बीड जुनं झालंय, वेल्डिंग धरणार नाही, आणि हा तुकडा आता कुठे मिळत नाही. हेडर लावायला लागतील. म्हणजे त्या बिडाच्या जागी दर सिलिंडरला वेगळा वाकवलेला पाइप, चार या बाजूला, चार त्या बाजूला.

गाडी त्याच्याकडे राहिली. घरी बाबा खुर्चीत. संध्याकाळी रस्त्याकडे बघत बसायचा आणि कोणासाठीच उठायचा नाही. डॉक्टरांनी आईला सांगितलेलं की ओळखीचे आवाज, ओळखीच्या वस्तू त्याच्यासमोर राहू द्या, जे सुटेल ते परत येईल याची खात्री नाही. आई मला रोज एकच विचारायची, कधी येते गाडी?

मी घाई केली. रात्रंदिवस मोबाइलवर हेडरचे व्हिडिओ बघितले. आखूड पाइपांचे पटकन बसतात पण आवाज बोदा. लांब पाइपांचे खाली पार सीटपर्यंत जातात आणि आवाज एकदम पोटातून येतो. परदेशातले गोरे काका त्यावर तासतासभर बोलत होते आणि मी त्यांची नक्कल करत आईला हसवत होतो. लांबवाले मागवले. आमच्या गाडीचं मॉडेल, आमचंच इंजिन, डोळे मिटून घ्या असं लिहिलेलं. मी डोळे मिटूनच घेतले.

खोकं आलं ते घेऊन मी विठ्ठलवाडीला गेलेलो. मिस्त्रीने चकचकीत पाइप हातात फिरवून बघितले, उजवी बाजू लावायला घेतली आणि थांबला. मला म्हणाला, स्टिअरिंग फिरव. डावीकडे फिरलं. उजवीकडे अर्ध्यातच त्याचा दांडा टण्णकन पाइपवर आपटला.

अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे असतं, हे शेंबड्या पोरालाही माहितीये. आमच्या गाडीचं आमच्याकडे यायच्या आधीच कोणीतरी उजवीकडे आणलेलं. घरात ते कायम उजवीकडेच होतं, त्यामुळे ते मूळचं तिथलं नाही, हे मी मागवताना माझ्या डोक्यातच आलं नाही. ज्या बाजूला दांड्यासाठी जागा सोडलेली त्या बाजूला आमच्याकडे काहीच नव्हतं, आणि जिथे दांडा होता तिथे बरोबर तिसरा पाइप.

"फक्त डावीकडेच वळणार असशील तर बसवून देतो," मिस्त्री म्हणाला. तो हसला नाही. मीही नाही, आणि असं माझं सहसा होत नाही.

मग ठरलं की तोच हाताने बनवेल, स्टिअरिंगचा दांडा चुकवून. त्याने विचारलं की आवाज कसा पाहिजे. पाइप बारीक की जाड, चारही कुठे एकत्र आणायचे, त्यावर आवाज बदलतो. आधी कसा होता?

हे मला विचारणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. मी उभा राहिलो आणि आमची गाडी तोंडाने वाजवली. चालू होतानाची घरघर, मग तो जड डुगडुग, आणि दर तिसऱ्या ठोक्याला मधेच एक फटक्, ओलं कापड दगडावर आपटल्यासारखं. बाजूच्या गाळ्यांतली माणसं काम सोडून बघायला आली.

मिस्त्रीने शांतपणे ऐकलं. "ते फटक् काढ," तो म्हणाला. "तो तडा आहे. धूर लीक होतोय त्याचा आवाज. गाडीचा नाही."

मी फटक् काढून वाजवलं. सरळ, गोल, भरदार. लोकांनी टाळ्या दिल्या. कोणी म्हणालं, आता खरी वाटते. मी अजून सुधारलं. पुढच्या दीड महिन्यात मी तिथे जेवढ्या वेळा गेलो तेवढ्या वेळा वाजवलं, आणि दर वेळी ते आधीपेक्षा चांगलं झालं. मिस्त्री पाइप टाचून इंजिन जरासं चालू करायचा, मी मान हलवायचो, अजून जाड, अजून खाली. माझ्या तोंडाला जुळेल असा आवाज लोखंडातून काढायचं काम चाललेलं.

शेवटी बोल्ट आवळायच्या आधी त्याने एकदा विचारलं. "तुला जुना तसाच पाहिजे असेल तर सांग. एका पाइपाच्या सांध्यातली गॅस्केट ढिली ठेवतो, तिथून धूर फुटेल. पण आवाज तोच येईल याची गॅरंटी नाही."

मी म्हणालो, कशाला, एकदम फर्स्टक्लास करा. समोर पाच-सहा जण उभे होते. हळदीला ही गाडी घेऊन गेलो तर काय होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाबा डोक्यात होता की नव्हता, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय.

गाडी घेऊन कल्याणवरून आलो, दुर्गाडीचा पूल, पुढे बायपास. आवाज असा की बाइकवाले बाजूला येऊन अंगठा दाखवत होते. मी काच खाली करून त्यांना सलाम ठोकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा आमची गाडी तिच्या नकलेसारखी वाजत होती.

देवळाच्या वळणावर मुद्दाम जोरात दाबलं. गेट बंदच होतं. मी हॉर्न दिला. आईने येऊन उघडलं. बाबा खुर्चीत होता, माझ्याकडे तोंड करून, आणि दुसऱ्या कोणाची तरी वरात चाललीय तसा बघत होता.

मला वाटलं, दमलाय. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी आईने हॉर्न ऐकूनही गेटाची दोन्ही दारं बंदच ठेवली, म्हणजे त्याला उघडायला काहीतरी राहील. मग मी विठ्ठलवाडीला जाऊन गॅस्केट ढिली करायला सांगितली. मिस्त्रीने केली. फटक् आलं नाही. पातळ पत्र्याचा पाइप, त्यातून शिट्टी आली, कुकरची असते तशी. जुना तुकडा मागितला तर तो भंगारात गेलेला, तेव्हाच गेलेला, मी समोर असताना. आठवत नव्हतं मला. आमच्या घरात विसरायचं काम फक्त बाबाच करतो असं नाही.

मग शेवटचा उपाय म्हणून मी बाबाच्या खुर्चीशेजारी खाली बसलो आणि तोंडाने वाजवायला घेतलं. जुना आवाज. घरघर आली, डुगडुग आला, आणि फटक् च्या जागी काहीच येईना. मी पुन्हा सुरू केलं. ओठ आपटून बघितले, जीभ टाळूला लावून बघितली. जे येत होतं ते सगळं मी दीड महिना सुधारलेलं. माझ्या मोबाइलमध्ये माझ्याच हळदीच्या आयटमचे तीन व्हिडिओ आहेत. त्यात मागे बँजो वाजतोय आणि लोक ओरडतायत, त्यातून काही सापडत नाही. बाबा मात्र आवडीने बघत होता. झालं तेव्हा आईला म्हणाला, पोऱ्या चांगला करतो, त्याला चहा दे.

त्यानंतरही मी गाडी काढत राहिलो. का, ते सांगता येणार नाही. बंद करायची तर कोणत्या दिवशी बंद करायची.

गेल्या महिन्यात मी दुपारी परत आलो तेव्हा गेट उघडं होतं. मी आत घेतली आणि नेहमीच्या जागी, आंब्याखाली लावायला लागलो. खुर्चीत हालचाल दिसली. बाबा उठला. अनवाणी. पायऱ्या उतरला, एका हाताने कठडा धरून, आणि माझ्याकडे यायला लागला. मी इंजिन बंद केलं नाही, भीतीने. आई दारात येऊन उभी राहिली, पीठ लागलेल्या हातांनी.

बाबा खिडकीपाशी आला. वाकून आत बघितलं. माझ्याकडे, स्टिअरिंगकडे, परत माझ्याकडे. मग एकदम अदबीने बोलला, कोणी तलाठी-बिलाठी आला की बोलायचा तसा.

"कोनाकडं आलाव तुमी?"

सगळ्यांचे आवाज काढतो मी, तेव्हा स्वतःचा निघाला नाही.

"जरा पुढं घ्या गारी," तो म्हणाला. "रागावू नका. माझा पोऱ्या येल आता. त्याची गारी हितं लागतं."

मी आईकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

मी गाडी मागे घेतली, गेटाबाहेर काढली आणि पुढे, कोपऱ्यावर नेऊन लावली. चालत परत आलो तेव्हा बाबा आंब्याखालची पानं पायाने बाजूला सारत होता.