लेकीला न सांगायचा मसाला

आमच्या घरात काळा मसाला सुनेला शिकवत, लेकीला नाही. लेक परक्या घरची, ती मसाला घेऊन जाणार, असा हिशेब. हा हिशेब मला तेव्हाही पटला नव्हता आणि आज एवढी म्हातारी झाले तरी पटलेला नाही.

काष्टीत आमचं घर. उन्हाळ्यात मसाला भाजायचा दिवस आला की माझी आई आणि थोरली चुलती चुलीपाशी बसायच्या आणि मला अंगणात काढून दार लावून घ्यायच्या. चुलतीला मी थोरली आई म्हणायचे. गावात आमच्या मसाल्याचं नाव होतं. लग्नाची आमटी असली की लोक वाटी घेऊन आमच्या दारात यायचे. पण त्यात काय नि किती, ते या दोघींनाच ठाऊक.

आता घरात सून येणार कुठून? थोरल्या आईला मूल नाही आणि आईला मी एकटी. म्हणजे मसाला बुडाला तरी चालेल, पण लेकीला द्यायचा नाही!

त्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. लढाईचे दिवस, बाजारात लवंग-दालचिनीची मारामार, तरी मिळेल ते आणून दोघी भाजायला बसल्या. मला म्हणाल्या, बाहेर जा. माझं डोकंच फिरलं.

दाराला पाठ लावून मी अंगणात बसले आणि वास येईल तसं मोठ्यानं ओरडायला लागले. "धने पडले गं बायांनो! आता खोबरं! खोबरं करपतंय, खाली उतरवा! आता दगडफूल!" शेजारणी हातातली कामं टाकून जमल्या. मिरच्या तापल्या तसा ठसका लागला, तरी मी खोकत खोकत ओरडतच होते.

आईनं दार उघडलं आणि पाठीत धपाटा घातला. "लाज न्हाई वाटत? घरातलं समद्या आळीला सांगती!"

"मग मला आत घे," मी म्हटलं. "तुमी दोघी गेल्यावर ह्यो मसाला कोन करनार? सरनावर संगं न्यायचा हाय का?"

असलं अभद्र ऐकून आईनं पुन्हा हात उगारला. थोरल्या आईनं तो वरच्या वर धरला. घरातले नियम सगळ्यात कडक पाळणारी तीच. मला वाटलं, आता हिचाही मार बसणार.

"माजी आई हुलग्याचं कालवन करायची," ती आईला म्हणाली. "अकोले गावाकडं, डोंगरात. मलाबी असंच भाईर काढायची. भावजय यायच्या आदीच आई गेली. तवापास्नं मी करून बगती. तशी चव येत न्हाई. आता कुनाला इचारू?"

बोलता बोलता ती रडायला लागली. तिला रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

पदरानं तोंड पुसून तिनं मला हात धुवायला लावले आणि चुलीपाशी आपल्या शेजारी बसवलं. शेजारणी अजून अंगणातच होत्या. आई दार लावायला उठली.

"ऱ्हाऊ दे उगडं," थोरली आई म्हणाली. "ऐकू दे कुनाला ऐकायचं त्ये."

आणि सगळ्यांच्या देखत तिनं मला पहिलं माप मोठ्यानं सांगितलं.