केसांचं तेल

सन दोन हजारच्या आसपासची गोष्ट. सातिवलीच्या एका गाळ्यात आम्ही कंप्युटर जोडणाऱ्या पट्ट्या बनवत होतो. एका चपट्या पट्टीत काचेचे बारा तंतू, बाराही तंतूंतून एकाच वेळी प्रकाश धावणार, त्यावर स्वार होऊन माहिती. परदेशी पट्टी आमच्या गिऱ्हाइकांच्या आवाक्याबाहेरची. ती स्वस्तात करून दाखवायची खुमखुमी मला होती.

तंतूंची टोकं घासून आरशासारखी करायची गोखिवऱ्याची एक बाई. भातशेतीवाल्या घरातली, माझ्याहून थोडी मोठी. घासायचं यंत्र परवडत नव्हतं, म्हणून सगळी मदार तिच्या बोटांवर. आमचा स्वस्तपणा तो एवढाच! टोकावर कण बसला की त्या तंतूतला प्रकाश मंद व्हायचा. म्हणून मी माझ्या टपोऱ्या अक्षरात दारावर नियम लावले होते: गजरा नको, पावडर नको, केसांना तेल नको.

एप्रिलमध्ये पट्ट्यांमागून पट्ट्या नापास व्हायला लागल्या. कधी तिसरा तंतू मंद, कधी नववा. मी प्रकाश मोजायचा मीटर पाहिला, मग तिची तेल चोपडलेली वेणी पाहिली आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "नियम वाचता येत नाहीत? घरचं स्वयंपाकघर वाटलं का?" तिला पॅकिंगला बसवलं. टेबल पुसून ती उठून गेली.

तिच्या जागी मीच घासायला बसलो. माझीही पट्टी नापास! सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तेल नव्हतंच, पांढरे कोरडे कण होते. कॉलर काचेवर झटकली. तसेच कण पडले. घामोळ्यांवर मी रोज मानेला पावडर थापत होतो, आणि दिवसभर तीच मान प्रत्येक पट्टीवर वाकवून तपासणी करत होतो.

दुसऱ्या दिवसापासून पावडर बंद केली. बोललो कुणाशीच नाही. पट्ट्या पास होऊ लागल्या. गाळ्याचे मालक म्हणाले, "बाईला हलवलंत, बरं केलंत." मी मान डोलावली. इतका हलकट मी असेन असं मला वाटलं नव्हतं.

आठवड्याने ती समोर उभी राहिली. केस कोरडे, शिकेकाईने धुऊन पिंजारलेले.

"सर, तेल सोडलंय मी. माझीच चूक. परत नाय होनार. आता बसू का टेबलावर?"

खरं सांगायला याहून सोपी वेळ आली नसती.

"बसा," मी म्हणालो. आणि वर म्हणालो, "पण यापुढे लक्षात ठेवा."