व्यवसायाचा रकाना

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या लायब्ररीत खिडकीशी बसणाऱ्या त्या काकूंचं नाव मी कधी विचारलं नाही. युरोपातल्या आईबापांना त्या ऑनलाइन स्वतः रेकॉर्ड केलेली अंगाईगीतं विकायच्या. त्या दुपारी तिकडच्या व्हॅट म्हणजे विक्रीकराच्या रजिस्ट्रेशनचा फॉर्म उघडून त्या गुणगुणत होत्या. पाळणा हलवावा तसा त्यांचा हात टेबलावर पुढेमागे होत होता.

“एवढ्याशा कमाईसाठी कशाला हा व्याप, काकू? कोण विचारणार आहे तुम्हाला?” मी म्हणालो.

“अरे, विचारलंय ना!” त्यांनी ‘व्यवसाय’ या रकान्यावर बोट ठेवलं. “ग्रीन कार्ड येईपर्यंत अकरा वर्षं मला कामाची परवानगीच नव्हती; प्रत्येक फॉर्मवर मी नुसती ह्यांची डिपेंडंट होते.”

मग एकेक अक्षर जपून दाबत त्यांनी ‘सिंगर’ असं टाइप केलं, आणि सबमिट करायचं सोडून त्या कितीतरी वेळ त्या शब्दाकडे बघत राहिल्या.